पारोळ्यापासून पस्तीस

मे २०२१, मंगळवार, संध्याकाळ

आबांशी मी खोटं बोलले. आज पस्तीस किलोमीटर झाले म्हणाले. खरं तर सकाळपासून ताप आहे, सायकलला हातही लावला नाही.

अंदमानातल्या या बेटावर आठ दिवस सायकल चालवायला आले आणि लॉकडाऊनमुळे बोटी बंद झाल्या. महिना होत आला. जेट्टीपासून पोलिसांच्या बॅरिकेडपर्यंत चार किलोमीटर रस्ता तेवढा खुला. त्यावरच येरझारा घालते. धुळ्यात आबा, माझे वडील, एकटे. एसटीचे जुने ड्रायव्हर. गेले काही दिवस माझे रोजचे किलोमीटर ते मनातल्या मनात भुसावळ-धुळे रस्त्यावर टाकतात. आधी भुसावळला रेल्वेतून उतरवलं, मग जळगाव, एरंडोल. काल पारोळा. पुढे घर पस्तीस किलोमीटर.

"सकाय घर! पाय धुवाले पानी भरी ठेवसू," आबा काल म्हणाले होते; त्यांचं सकाय म्हणजे उद्या.

ती पाण्याची बादली आज दारात असणार. मग शून्य कसं सांगायचं? म्हणून पस्तीस.

फोनवर आबांनी पस्तीस ऐकलं. मग, "तुना आवाज बसेल शे. ताप शे का?"

"नाही हो, आबा."

"तीस वरीस गाडी चालाडी मी. ताप ऱ्हायना ते स्टिअरिंगले हात लावाना नही. आज पारोळालेच मुक्काम कर."

"आणि पाणी?"

"पानीनं काय? सकाय ताजं भरसू."

गोळी घेतली. रोजचा आकडा लिहिते तिथे शून्य लिहिलं, शेजारी पारोळा.

घर अजून पस्तीस किलोमीटर.