दोन भिंगांतला पूल

८ जानेवारी १९३४, नंदुरबार
हेडमास्तरांनी आज खोक्यातून नवं यंत्र काढलं — स्टिरिओस्कोप! एकाच पुलाचे दोन फोटो शेजारी शेजारी लावायचे, दोन भिंगांतून पाहायचं. म्हणे मेंदू दोन्हींचा एक करतो आणि पूल खराखुरा पुढे उभा राहतो. वीस तारखेला इन्स्पेक्टरसाहेब येणार. त्यांना हे समजावणार कोण? अर्थात ड्रॉइंग मास्तर, म्हणजे मी. जमलं तर नोकरी कायम. सहा वर्षं हंगामी आहे. कोरीटच्या सासऱ्यांच्या लेखी हंगामी फक्त मजूर असतात.

९ जानेवारी
शिपाई दोधूने भिंगांना डोळे लावले आणि मान झटकन मागे घेतली. "मास्तर, हाऊ पूल ते मन्हा नाकवर ई ऱ्हायना!" अडाणी माणूस. मग हेडमास्तर — "वा, काय खोली!" मग मी. मला दिसला कागदावर छापलेला पूल, भाकरीसारखा सपाट. मीही "वा" म्हणालो.

१० जानेवारी
भिंगं पुसली. कार्ड बदललं. सपाटच. दोष यंत्राचा.

११ जानेवारी
दोष यंत्राचा नाही. सहज उजवा डोळा झाकला, तर फळ्यावरची अक्षरं गेली, खिडकीचे गज गेले. बाहेर वाळत घातलेली मिरची तेवढी तांबूस डागासारखी उरली. म्हणजे हा डावा डोळा आजवर नुसता शोभेला होता!

कळणार तरी कसं? चित्र काढताना पेन्सिल समोर धरायची आणि एक डोळा मिटायचा, हा आमच्या धंद्याचा रिवाज. मी कायम डावाच मिटत आलो. मुलांना सांगतो — रस्ता वर निमुळता करा, लांबचं झाड लहान काढा, डोंगर फिका ठेवा. कागदावर खोली नसते, पाहणाऱ्याचा मेंदू फसतो. माझा जन्मभर फसत होता. पेल्याबाहेर पाणी सांडलं की मी पेल्याला नावं ठेवायचो.

भीती वाटते. कायम करताना डॉक्टरचा दाखला लागतो.

२० जानेवारी
भाषण झकास! दोन डोळ्यांना जरा वेगवेगळं दिसतं, त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो — असं रंगवून सांगितलं. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला कुठली कमान जास्त जवळ वाटते?" डोळ्यात मिरचीची धूळ गेली म्हणून मी रुमाल काढला. या दिवसांत नंदुरबारात ही सबब कोणी नाकारत नाही. साहेबही डोळे पुसत होते.

२२ जानेवारी
डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला. "तक्ता वाचा." तक्त्याच्या जागी मला नुसता पांढरा डाग. दाखला नाही. ड्रॉइंग मास्तराला दोन डोळे हवेत. त्यातला एक मिटायलाच लागतो, हे नियमात नाही. सिंधूला अजून सांगितलेलं नाही. पंधरा वर्षांच्या संसारानंतर बायकोला काय सांगायचं, की तुझ्या पदरात काणा पडला?

२३ जानेवारी
सांगितलं. ती मिरच्यांचे देठ खुडत होती, खुडतच राहिली.

"माले ठाऊक शे. तुम्ही माले दखाले कोरीटले उनात, तवय सुपारी उचलाले गयात, तं हात ताटना बाजूले पडना. मायनी ईचारं, पोऱ्याले कमी दिसस का? मी सांगं, नही, लाजाळू शे."

मुलगी पारखायला मी गेलो होतो, असं पंधरा वर्षं लोकांना सांगत आलो.