गॉलवे की कॉर्क?

पर्थ, ऑस्ट्रेलिया

लाडक्या आईला लांबून घट्ट मिठी.

आम्ही मजेत आहोत. इथलं ऊन असं, की दोरीवर टाकेपर्यंत कपडे वाळतात. तिकडे आयर्लंडात पाऊस थांबला का गं?

तुझं पत्र मिळालं. सुट्टीत तिकडे याल तेव्हा गॉलवेला नको, लांब कॉर्कला राहा म्हणतेस. तिथली माणसं प्रेमळ! आई, कॉर्कची माणसं? हर्लिंगच्या मॅचमध्ये कॉर्कवाले जिंकायला लागले की "पुरे झाला या बढाईखोरांचा तोरा!" म्हणत रेडिओ बंद करणारी तू! तुझा जावई कॉलम हसत सुटला. मला मात्र हसू येईना.

काय लपवतेयस? गुडघा पुन्हा सुजलाय? की बाबांच्या माघारी घर आवरवत नाही, ते मला दिसायला नको? शेजारची नोरा डोकावते ना?

आम्ही गॉलवेच ठरवलंय. तिथून बसने तासाभरात तुझ्यापाशी.

फक्त एक ऐक. पाद्रीबाबांसाठी उघडतेस ते पुढचं दार माझ्यासाठी उघडू नकोस. बाबांना नेलं तेही त्याच दारातून. मी मागच्या दारानेच येईन, शाळेतून यायचे तशी. किटली तेवढी चुलीवर असू दे.

अजूनही तुझीच,
ओर्ला