नोरीनची बट

डब्लिन, सोमवार

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे. नवे बूट घेतलेत. पुन्हा बोटीवर जाईन म्हणतो, पण ते राहू दे.

काल बाबांच्या चित्रांचा लिलाव झाला. आपली नोरीन गेल्यावर त्यांनी हस्तिदंतावर काढलेलं तिचं तळहाताएवढं चित्र मला सोडवता आलं नाही, आई. लंडनच्या एका बाईंनी बोली चढवली, माझे पैसे पुरले नाहीत.

चित्र उलटून, मागच्या काचेखालची बट पाहून त्या म्हणाल्या, “शी! मेलेल्या पोरीचे केस? काढून टाका.”

लिलाववाला हसला. “अहो, अशा चित्रांची रीतच ती. चेहरा पुढे, केस मागे.”

मी म्हणालो, “टाकू नका, मला द्या. माझी बहीण आहे ती.”

बट सोबतच्या पुडीत ठेवली आहे. अजून तशीच तांबूस आहे. तुझे गुडघे कसे आहेत? पुडी दाराशी उघडू नकोस, वारा असतो.

तुझाच,
फिनबार