मागे बसलेली

१ डिसेंबर, रविवार

पोचले एकदाची! कोडोलीच्या स्टँडवर शेताचे मालक बापूसो मगदूम स्वतः जीप घेऊन उभे. नाशिकहून पोरगी येणार म्हणून ट्रकभर सामान असेल असं त्यांना वाटलं असावं. "पावणं, एवढीच बॅग व्हय?" म्हणून मोठ्यानं हसले.

शेत गावापासून चार किलोमीटर आत, पठाराच्या पायथ्याला. पुढे ऊस, मागे डोंगर, मध्ये घर आणि सहा घोड्यांची पागा. नाताळात पुण्या-मुंबईचे पाहुणे येणार, त्यांना दोन तासांची रपेट करवायची. वाट मीच शोधायची. म्हणजे पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी घोडा घेऊन एकटीनं हिंडायचं. याला नोकरी म्हणतात हे आईला पटणं कठीण आहे.

जैनांचं घर, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणं. बापूसोंच्या बायकोनं, चंदनावहिनींनी, भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी वाढली आणि मी नको म्हटलेलं एकदाही ऐकलं नाही. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार ज्ञानूकाका साठीचे. गुडघे गेलेत, खोगिरावर बसवत नाही. माणसांपेक्षा घोड्यांशी जास्त बोलतात. मला दिलेल्या घोडीचं नाव रेवडी. पांढरी, अंगभर तिळाएवढे ठिपके. तिनं माझ्या खिशातली साखर हुंगून काढली. आमचं जमलं.

३ डिसेंबर

पहिली रपेट. ओढा ओलांडून चढण, मग एकदम उघडं पठार. पिवळं गवत, काळा कातळ, खाली गुऱ्हाळांचा धूर. इतकं बरं वाटलं की मी गाणं म्हटलं. बरोबर कोणी नव्हतं म्हणून.

एकच गोष्ट. पठाराच्या कडेला करवंदीची दाट जाळी आहे, तिच्यापलीकडे खोल घळ. तिथे रेवडी आपण होऊन थांबली. टाच मारली, चुचकारलं, हलेना. चारही पाय घट्ट रोवून, एक कान मागे वळवून उभी. मिनिटभरानं तिची पाठ किंचित दबली, कोणी वर चढलं की दबते तशी, आणि ती चालू लागली. उतारावर मात्र फार दमली. चारही नाल तपासले. ठीक आहेत.

४ डिसेंबर

आजही तिथेच थांबली. तेवढाच वेळ. तशीच पाठ दबली.

घरी आल्यावर खोगीर उतरवलं. खोगिराखाली घाम असतोच. पण मागे, पुठ्ठ्यावरही, घामाचा एक रुंद ओला पट्टा होता. तिथे कोणी बसलेलं नसताना.

दुपारी पायी ओढ्यापर्यंत गेले. चिखलात सकाळच्या टापा होत्या. जातानाच्या बोटभर खोल. येतानाच्या त्याच्या दुप्पट. माझं वजन बावन्न किलो आहे आणि ते पठारावर जाऊन वाढत नाही.

६ डिसेंबर

काल गेले नाही. आज गेले, कारण घाबरून वाट सोडली तर ही नोकरी मला झेपणारी नाही, असं मीच मला सांगितलं.

जाळीपाशी थांबली. पाठ दबली. मी मागे वळून पाहिलं नाही. उतारावर माझं जॅकेट कमरेपाशी दोन्ही बाजूंनी आवळलं गेलं. घोड्यावर मागे बसलेलं माणूस पडू नये म्हणून पुढच्याला धरतं ना, तसं. ओढा येईपर्यंत तसंच होतं.

पागेत उतरले. ज्ञानूकाकांना सगळं सांगितलं. ते खरारा करायचे थांबले. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या आधी मोनाताई हुत्या हितं. दोन वर्सं झाली. एकट्याच गेलत्या. दुपारी रेवडी रिकामी आली."

मी विचारलं, मग शोधायला कोण गेलं?

"कुणीच न्हाय," ते म्हणाले. "वाटलं, उतरून चालत येत असतील. सवय हुती त्यास्नी. जेवलो की आम्ही. दुसऱ्या दिवशी शोधलं तर भलतीकडंच. तिसऱ्या दिवशी घळीत घावल्या. डाक्टर म्हणला, दोन दिस जिवंत हुत्या."

ते रडत नव्हते. रेवडीच्या मानेवर हात ठेवून नुसते उभे होते.

७ डिसेंबर

बापूसोंशी बोलले. आधी म्हणाले, ज्ञानू म्हातारा झालाय, काहीबाही सांगतो. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले की त्या दिवशी जीप काढायला हवी होती. पठाराची वाट बंद. उद्यापासून कोडोलीच्या बाजूनं, उसाच्या कडेकडेनं वाट शोधायची.

वहिनी स्वयंपाकघरात ऐकत होत्या. म्हणाल्या, जेवायला बसलं की अजून वाटतं, मोना दारातून येतीय.

मी त्यांना घामाच्या पट्ट्याबद्दल सांगितलं नाही. रोज ओढ्यापर्यंत येते. पुढे कुठे जात असेल?

८ डिसेंबर, सकाळी (वेळ माहीत नाही, घड्याळ फुटलं)

घळीत आहे. वही कमरेच्या पाऊचमध्ये होती म्हणून लिहितेय. लिहिलं की डोकं ताळ्यावर राहतं.

कोडोलीच्याच बाजूला निघाले होते. उसातून बाहेर पडलो आणि धुकं उतरलं. घोड्याचे कान दिसेनात. रेवडी वळली. मी लगाम खेचला, ती ऐकेना. चढण लागली तेव्हा कळलं कुठे चाललीय. उतरायला गेले तर कंबर आवळलेली. मागे बसणारी आज जाळीपाशी चढलीच नव्हती. घरापासूनच मागे होती.

मग माझ्या हातावर हात आला. लगाम धरलेल्या हातावर. थंड, नखांत माती.

मी किंचाळले. रेवडी मागच्या पायांवर उभी राहिली, पोटाखालचा तंग सुटला, खोगीर फिरलं. उजवा पाय रिकिबीत अडकला. फरफटत नेलं मला, किती ते आठवत नाही. डोकं कातळावर. मग कोणीतरी माझा बूट धरून पाय मोकळा केला. अलगद. आणि मी खाली.

उजवी नडगी मोडलीय. हाड दिसतंय. वर दोन पुरुष उंच कडा. वर रेवडीच्या टापा ऐकल्या. पळत नव्हती. सावकाश, कोणीतरी हाकत असल्यासारखी गेली.

नंतर

फोनला एक कांडी रेंज आली. वहिनींना लावला. म्हटलं, वहिनी, मी तेजस्वी, पडलेय, जाळीखालच्या घळीत, जीप पाठवा.

पलीकडे त्यांची पावलं वाजली. मग म्हणाल्या, "तेजस्वी न्हाणीत हाय. पाणी वाजतंय की."

म्हटलं, ती मी नाही. वहिनी, ती मी नाही. दार उघडून बघा.

त्या रडायला लागल्या. "मोना, चुकलं गं आमचं. आता सोड बाई आमाला."

फोन ठेवला. पुन्हा लावला. उचलत नाहीत.

नंतर

ज्ञानूकाकांनी उचलला. रेवडी मीच आणून बांधली म्हणे. मी बोलले नाही, तेव्हा त्यांना वाटलं दमलेय. मी पायाचं सांगितलं, हाडाचं सांगितलं. ते दर वेळी म्हणत होते, व्हय ताई. व्हय ताई. येतो म्हणाले.

ताई. मला ते मॅडम म्हणतात.

बॅटरी संपली.

दुपार असावी

ऊन वर आहे, खाली येत नाही. तहान. इथे कातळावर नखांनी ओढलेल्या रेघा आहेत. खूप. माझ्या उंचीपर्यंत.

नंतर

आले! माणसांची पावलं. दोघांची. हाक मारली—

काकांनी ओ दिली. वरून एक पत्रावळ सोडली. दहीभात. नारळ. "गोड मानून घ्या, मोनाताई."

मी ओरडतेय. काका, वाकून बघा, एकदा बघा खाली—

ते थांबलेत. वाकतायत. त्यांची टोपी दिसतेय—

कोणीतरी त्यांना मागे ओढलं.

माझ्या आवाजात. अगदी माझ्याच. "काका, बघू नका. उत्तर देऊ नका. चला, वहिनी जेवायला थांबल्यात."

पावलं चाललीत. मी माझं नाव सांगतेय, पुन्हा पुन्हा, तेजस्वी, मी तेजस्वी, मी ते—