ताप येईल म्हणून सांगितलं

प्रिय आई,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, उन्हात टोपीही घालते. आता ऐक, किल्ला सर केला आम्ही!

लहान मुलांच्या लसीसाठी गावात घरोघर फिरायला लागलो तेव्हा कॉलेजच्या शिबिरातली आमची मंडळी म्हणाली, "तापाचं अवाक्षर काढू नका, बायका दारं लावून घेतील." मला काही ते पटेना. पहिल्याच बाळाच्या आजीला मी सरळ सांगितलं, "आज लस दिली की उद्या बहुतेक ताप येईल. घाबरू नका, उतरेल. मी सकाळी बघायला येते."

सकाळी जाताना वाटेत दोनदा थांबले, हे फक्त तुला सांगते. बाळ तापलं होतंच. पण आजी अंगणात उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकवत होती, "पोरगी म्हणाली तस्साच आला बघा ताप! खोटं नाही बोलत ही."

बाळाचा ताप उतरला आणि आजी शेजारच्या झाडून सगळ्या सुनांना पोरांसकट हाकत शाळेतल्या आमच्या लसकेंद्रावर घेऊन आली. लस संपली तरी रांग संपेना! कॉलेजच्या सरांनी गाडी पिटाळून आणखी मागवली.

अक्कल तुझीच गं. मला सुई टोचताना तू कधी "दुखणार नाही" म्हणाली नाहीस. "दुखेल, पण मी हात धरते," म्हणायचीस.

बाबा म्हणाले, दाढ काढायचं तू अजून टाळतेयस. गाल फार सुजलाय का? रविवारी येतेय, दोघी जाऊ डॉक्टरांकडे.

दुखेल. मी हात धरते.

तुझीच,
बडबडी