वरचं पाणी

१४ एप्रिल

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल. दाजींचा खोकला कमी आहे. बाकी सगळं ठीक, असं लिहिणार होते. पण ठीक काहीच नाही.

सूत रंगवायच्या आपल्या कारखान्याच्या पायऱ्यांखाली नदीचं नुसतं डबकं उरलंय. त्यात लाल सूत धुतलं की मागून येणाऱ्या पिवळ्या लडीही लालसर होऊन निघतात. नावाडीकाका नाव विकून लेकीकडे गेले. परवा शाळेतल्या बाई म्हणाल्या, "इथे नदी पायी ओलांडता यायची, म्हणून माणसं थांबली. मग नाव आली, धोबी आले, तुम्ही रंगारी आलात, मग बाजार. गावानं नदी नाही आणली, नदीनं गाव आणलं." मी मनात म्हटलं, आणलं तसं नेईलही.

फोनवर तुला विचारलं, "धरणाचे दरवाजे तुझ्या हाती, मग पाणी का येत नाही?"

"ताई, वरच पाणी नाही," म्हणालास, आणि लगेच दाजींच्या खोकल्याची चौकशी. एरवी तू त्यांचं नावही काढत नाहीस. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

दूधवाला म्हणाला, तुझ्या धरणाजवळच्या नव्या वसाहतीत हिरवळीवर पाणी सोडतात. मी त्याच्यावरच खेकसले, "माझा भाऊ खोटं बोलत नाही!" तो नुसता हसला. ते हसणं डोक्यातून जाईना. मंगळवारी त्याच्याच गाडीत बसून आले.

हो, आले होते. वसाहतीचा कालवा काठोकाठ भरलेला. तू आमच्या बाजूच्या दरवाज्याचं चाक आवळत होतास आणि तुझा साहेब शेजारी चहा पीत उभा. हाक मारणार, तेवढ्यात तो काही बोलला आणि तू मान डोलावलीस. मी आल्या पावली परतले.

नोकरीची भीती मला कळते. पण माझ्याशी खोटं का?

रविवारी गावाची बैठक आहे. ये, हुकूम कुणाचा ते सांग. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास, तर तुझं नाव मीच घेईन. दुसऱ्या कुणी घेतलेलं मला सोसायचं नाही.

ताई


रविवार, संध्याकाळ

धाकट्या,

तू आला नाहीस. मी उभी राहिले आणि नाव घेतलं. कुणी तुला शिवी दिली नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले, ते जास्त लागलं.

ही चिठ्ठी दूधवाल्याबरोबर पाठवते. उद्या आम्ही सगळे धरणावर येतोय. मी पुढे असेन. तेव्हा कुणाच्या शेजारी उभं राहायचं, तेवढं ठरवून ठेव.

तुझीच,
ताई