चौकटीच्या वरचा मजकूर

प्रिय पप्पा,

प्रभूमध्ये सलाम. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुमचा गुडघा कसा आहे?

आई फोनवर कौतुकाने म्हणाली, "पप्पांनी तुझं सिनेमाचं परीक्षण चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत वाचून दाखवलं!" मी हुरळून गेले. मग कळलं, तुम्ही फक्त खालची चौकट वाचलीत. दारूचे दोन प्रसंग, शिव्या बऱ्याच. वर मंडळीला सांगितलंत, "माझी मुलगीच म्हणते, हा सिनेमा पाहू नका."

मी असं कुठे म्हटलं, पप्पा? मुलांना न्यावं की नाही हे आईबापांना कळावं, म्हणून आमच्या ख्रिस्ती साप्ताहिकात ती चौकट प्रत्येक परीक्षणाखाली असते. वरच्या दीड कॉलमात मी त्या सिनेमातल्या पाळकाबद्दल लिहिलं होतं. तो दर रविवारी क्षमेवर बोलतो आणि परत आलेल्या स्वतःच्या मुलाला दार उघडत नाही. प्रत्येक ख्रिस्ती घराने हे पाहावं, असंही लिहिलं होतं. ते तुम्ही वाचलंत, म्हणूनच गाळलंत.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. तुमची तक्रार कुणाकडे करू?

तो सिनेमा मी दादाबरोबर पाहिला. तुम्ही त्याला घराबाहेर काढल्याला तीन वर्षं झाली. तो अर्ध्यातूनच उठून गेला.

पुढच्या महिन्यात मी येतेय, दादाला घेऊन. बेल वाजली की आईला पाठवू नका. गुडघा दुखत असला तरी तुम्हीच उठा.

तुमचीच,
धाकटी